घरचा नंबर

"हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… नको हो ताई. लोन नको, कार्ड नको, प्लॉट पण नको… तसं नाही म्हणजे कसं? रोज या वेळेला तुमच्यापैकी कोणीतरी… काय?… हो, मुलुंडच. तुम्हाला कसं माहीत मुलुंड?… हो. नितेशचंच घर. मी आई त्याची… का? काय झालं?… अहो, काय झालं ते आधी सांगा!"

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत शनिवारची दुपार नुसती पसरून पडली होती. वनमालाबाई टेबलाशी बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. घरात एकटं माणूस आणि वाल मात्र तिघांचे, कारण वाटी भरणारा हात घरातली माणसं मोजत नाही. फोन अनोळखी नंबरवरून होता. पलीकडे कोणी बाई होती आणि ती नितेशचं नाव घेत होती. एकुलत्या एका मुलाचं नाव परक्या तोंडून ऐकलं की आईच्या डोक्यात सगळ्यात आधी हॉस्पिटल येतं.

"ठीक आहे ना तो?… नक्की?… हातपाय सगळे?… बरं. बरं बाई… थांबा, जरा बसते… बसलेच होते, तरी बसते… हां. आता बोला… कसली स्कूटर?… नाही हो, आमच्याकडे स्कूटर नाही… भाड्याने? कोणी घेतली भाड्याने?… कुठे? वेंगुर्ल्याला?… हात्तिच्या!"

जिवात जीव आला तशा वनमालाबाई मोठ्याने हसल्या.

"अहो ताई, राँग नंबर. तुमचा नितेश वेगळा, आमचा वेगळा. आमचा नाशिकला आहे, ट्रेनिंगला… कंपनीचं. आज, उद्या, परवा. मंगळवारी सकाळी घरी… अहो, मीच काल बॅग भरून दिली ना. पाच इस्त्रीचे शर्ट, हाफ स्वेटर. नाशिकला अजून गारठा असतो… कसला शर्ट?… फुलाफुलांचा? छे! आमच्या घरात तसला शर्टच नाही. बघा, मी म्हटलं ना… बायको? बायको तर घाटकोपरला आहे, माहेरी. तिच्या आईचे गुडघे धरलेत… निधी. का?… हो, कुरळे आहेत… चष्मा आहे, हो… हसताना तोंडावर हात…"

हातातला वाल सुटला आणि टेबलाखाली गेला. तो उचलायला त्या वाकल्या नाहीत.

"हॅलो… आहे, आहे मी. त्या लायसनवर पूर्ण नाव काय आहे हो? जरा वाचा ना… हं… मधलं नाव परत एकदा वाचा."

नितेश धाकू तावडे. नितेश म्हणाल तर मुंबईत पैशाला पासरी मिळतील. पण ज्याच्या बापाचं नाव धाकू आहे असा आजच्या जमान्यातला नितेश तावडे दुसरा कुठून आणायचा? तो बाप समोरच्या भिंतीवर, फोटोत, चंदनी हार घालून बसला होता. त्यालाही हे नवीनच असावं.

"हो. आमचाच… नाही नाही, मला माहीत होतं. म्हणजे… वेंगुर्ला म्हणालाच होता तो. नाशिकचं ते मागच्या महिन्यातलं, माझाच घोळ झाला. वय झालं हो आता… हो ना… हो… ताई, लायसनवर तारीख असते ना? कधी काढलंय ते?… किती?… सहा वर्षं?"

सहा वर्षं! दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामकांतचा पाय हायवेवर मोडला तेव्हापासून या घरात दुचाकीचं नाव काढायची सोय नव्हती. मित्राच्या मागे बसून आला तरी वनमालाबाई दोन दिवस अबोला धरायच्या. आणि सहा वर्षं हा मुलगा रोज सकाळी त्यांच्याच हातून पाकीट घेऊन, त्यात ते लायसन घेऊन, कामाला जात होता. वेंगुर्ल्याचं दुःख बाजूलाच राहिलं. बाईंना आधी हे लायसनच झोंबलं.

"नाही, काही नाही. सहज विचारलं… बरी चालवतो का हो?… हळू? हळूच चालवायला हवी… आणि माझा नंबर तुम्हाला कोणी दिला? तो देणार नाही… वहीत?… कसली वही?… हं. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून. आपला नंबर आणि घरचा नंबर… आणि त्याने घरचा म्हणून माझा लिहिला… पुढे काय लिहिलंय?… 'आई'… हं."

 कॉलेजचा फॉर्म असो, पहिल्या नोकरीचा असो, की दाताच्या डॉक्टरचा, घरच्या नंबरच्या रकान्यात नितेश डोळे मिटून हाच नंबर लिहीत आला होता. दुसरा कुठला त्याला पाठच नव्हता. आईला फसवून चारशे-पाचशे किलोमीटर लांब जाणारा मुलगा तिथे पोचल्यावर पहिल्या वहीत आईचाच नंबर लिहितो, याला काय म्हणावं? रडावं की हसावं ते वनमालाबाईंना कळेना. थोडं दोन्ही झालं.

"नाही हो, सर्दी आहे जरा… तुमचं नाव काय म्हणालात?… प्रेमा. प्रेमाताई, तुम्ही मूळच्या तिथल्याच का?… अगो, मग असा सांग ना! मी कणकवलीच्या बाजूची. लग्न होऊन इकडे आले… होय गो, चाळीस वर्षां होतली… सांग, सांग. फोन कशाक केलंस ता सांग आधी… काटा? कसला काटा?… पेट्रोलचा… बंद म्हणजे काय?… म्हणजे टाकी रिकामी असली तरी काटा आपला फुलवर… मग गो असली गाडी देतंस कशाक?… तुझो घोव भरणार होतो… आणि भरल्यान नाय. बरा! म्हणजे तुझो घोव आणि माझो झील, दोघय सारखेच."

पलीकडे प्रेमाही हसली असावी, पण ते हसू फार टिकलं नाही. प्रेमाच्या अंगणात भाड्याच्या सहा स्कूटरी. सकाळी सगळ्यांत पेट्रोल नवरा बघतो. आज एक राहिली, ती नेमकी हीच. आणि हे त्याला आठवलं केव्हा, तर दुपारचं जेवून, झोपून, उठून, चहा पिताना.

"मग किती जाईल ती?… दहा-बारा किलोमीटर. आणि गेलेत कुठे?… मोचेमाड. पुढे आरवलीला वेतोबाच्या पाया पडून रेडीला… अगं, मग जातानाच नाही का संपणार?… नाही ना लागत फोन. तो असाच. कुठेतरी आत समुद्राकडे शिरला असेल, मोबाईलची रेंज नसेल तिथे… आणि निघालेत कधीचे?… दीडला… आत्ता चार वाजून गेले गं!… दिवस मावळायच्या आत नाही मिळाले तर?… त्या चढावर? झाडीतून? आणि ती पोर बरोबर!… नाही, त्याला ढकलायची सवय नाही गं. भाजीची पिशवी मी उचलते घरात…"

वनमालाबाई उठून उभ्या राहिल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. मुलुंडच्या खिडकीतून वेंगुर्ला दिसणार नाही हे त्यांनाही कळत होतं.

"थांब, मी लावते त्याला. अशी सालटी काढते ना… हां, त्याचा लागत नाही. मग निधीला लावते. तिचा लागेल, तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे… हो, आत्ताच लावते. ठेव तू… हो… ठेव."

पण ठेवला कोणीच नाही. प्रेमा थांबली होती, कारण वनमालाबाईंचा श्वास तिला अजून ऐकू येत असणार. आणि वनमालाबाई थांबल्या होत्या त्या वेगळ्याच कारणाने. निधीच्या हातातला फोन वाजेल, त्यावर 'आई' असं नाव येईल, ती नितेशला दाखवेल, आणि तिथल्या तिथे त्या दोघांचा समुद्र संपेल. मग पेट्रोल मिळो न मिळो. ती दोघं उद्या सकाळी मान खाली घालून दारात उभी राहतील, निधी सरळ ओट्याशी जाईल, आणि पुन्हा कुठे जायचं नाव या घरात वर्षभर निघणार नाही. फोन नाही केला तर काय? तर झाडीतला रस्ता, बंद पडलेली गाडी, उतरत आलेलं ऊन. बाईंना दोन्ही नको होतं.

"आहे गं, आहे मी… अगं ऐक ना. एक विचारू?… ते काही बोलले का तुझ्याकडे? कशाला आलेत, किती दिवस… आठ महिने झाले लग्नाला, हो… पहिल्यांदाच म्हणाली ना ती? हो. पहिल्यांदाच… नाही, दोनदा ठरलं होतं. डिसेंबरात महाबळेश्वर ठरलं. बॅगा भरल्या, आणि माझं डोकं गरगरायला लागलं… खरंच गं, पंखा फिरतो तसं. डॉक्टर आले, गोळ्या दिल्या… मग कसले जातायत. मग संक्रांतीनंतर अलिबाग… तेव्हा पण… तेव्हा…"

त्यांनी साडीच्या पदराने ओठ टिपले. इतके दिवस जे कोणापाशी काढलं नव्हतं ते आता तोंडाशी आलं होतं. विहीणबाईंपाशी ते बोलता येत नव्हतं, शेजारणीपाशी तर नाहीच.

"आता तुला काय खोटं सांगू? तू मला बघितलेलं पण नाहीस. तेव्हा एवढं नव्हतं गरगरत… थोडं होतं. पण उठून चहा करता आला असता… हो. मीच थांबवलं त्यांना… मुद्दाम नाही गं! मुद्दाम कोण करतं? दिवेलागणीला हे दोन खोल्यांचं घर असं अंगावर येतं ना… हे गेल्यापासून. नितेश येईपर्यंत मी टीव्ही लावून बसते, बघत नाही… त्यांना जाताना बघितलं, बॅगा दाराशी, आणि खरंच वाटलं मला काहीतरी होतंय… हं… तुझ्या सासूचं पण? काय दुखायचं?… दम लागायचा… माझ्या सासूच्या पोटात दुखायचं गो!"

आणि एवढ्या सगळ्यात त्यांना हसू फुटलं.

"अगं, आमचं लग्न झालं, परळला आलो. एक खोली, माणसं नऊ. चौथ्या दिवशी हे म्हणाले, चल तुला चौपाटी दाखवतो. तशी सासूने पोट धरलं. मग म्हणाली, जा, पण पोरींना घेऊन जा. दोन नणंदा आणि एक दीर, असे आम्ही पाच जण. यांनी माझ्यासाठी गजरा घ्यायचं म्हटलं तर तीन घ्यावे लागले. दिराला राग आला, मला काहीच नाही म्हणून, त्याला कुल्फी… समुद्र? कुठला बघतेस! मी पोरींच्या वेण्या सांभाळत होते वाऱ्यात… मी तेव्हा मनात म्हटलं होतं, माझ्या सुनेला मी असं नाही करणार… हं… म्हटलं होतं खरं."

 खाली भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली. वनमालाबाईंना आपली लाज वाटली. अगदी सरळ लाज, कोणी बघत नसतानाची.

"प्रेमा, ऐक. मी नाही करत फोन. तू कर… हो, निधीचा नंबर देते ना तुला. पण माझं नाव नाही घ्यायचं. नाव काय, ओळख पण नाही. तू मला फोन केलाच नाहीस… विचारलं तर? नंबर कुठून मिळाला असं विचारलं तर… सांग, नितेशनेच सकाळी वहीत लिहिला होता… अगं, होतं खोटं. आज सगळेच बोलतायत, तुझं एक आणखी. वेतोबाला मी सांगते, केळ्यांचा घड माझ्याकडून… थांब हं. फ्रिजवर कागद आहे… चष्मा कुठे गेला… हां. घे लिहून."

निधीचा नंबर त्यांनी एकेक आकडा सुटा करून दोनदा सांगितला आणि प्रेमाकडून एकदा वाचून घेतला. मग प्रेमाने लेकीचा फोन मागून घेतला आणि स्पीकरवर लावला. हा फोन तिने बंद केला नाही, तसाच बाजूला ठेवला. आणि वनमालाबाईंनीही तो कानाला तसाच दाबून धरला.

"हो, थांबते. तू बोल… मी अजिबात बोलत नाही… हं… वाजतेय?…"

वाजत होती. तीनदा वाजली, चारदा वाजली. मग पलीकडून, प्रेमाच्या लेकीच्या फोनमधून, प्रेमाच्या अंगणातून, निधीचा आवाज आला. आपला श्वाससुद्धा तिकडे जाईल या भीतीने वनमालाबाईंनी तोंडावर हात धरला. शब्द नीट कळत नव्हते, वारा फार होता. पण निधी ओरडून बोलत होती. या घरात ती कधी ओरडून बोलली नव्हती. इथे रात्री आतल्या खोलीतून कुजबुज येई, आणि तीही वनमालाबाई खोकल्या की थांबे. मागे कोणीतरी हाका मारत होतं, मोठमोठ्याने, काहीतरी वेडगळ बोलत होतं आणि स्वतःच हसत होतं. तो नितेश होता हे कळायला त्याच्या आईला थोडा वेळ लागला. त्याचं ते हसू त्यांनी शेवटचं ऐकलं त्याला किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना.

"हॅलो… हां, आहे. ऐकलं गं, थोडं थोडं… कुठे आहेत?… मोचेमाडलाच? पुढे गेलेच नाहीत? देवा… खाडीच्या तोंडाशी बसलेत दुपारपासून… बरं झालं. आळशी आहे ते बरं झालं… तुझो घोव निघालो? बाटली घेऊन?… त्याला म्हणावं सावकाश जा, आणि गेल्यावर काही बोलू नको. आमच्या घरातलं… हो, तू सांगितलंस… तुझे उपकार गो बाय. नाही कसे? उपकारच."

आता खरं तर फोन ठेवायला हरकत नव्हती. काम झालं होतं. पण वनमालाबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"प्रेमा, घाईत नाहीस ना?… मग सांग ना. सकाळी कसे आले ते?… चालत? बस स्टँडवरून?… आणि आधी काय म्हणाले?… घावणे कुठे मिळतील! तो असाच, पोट आधी… मग?… तिनेच निवडली गाडी? निळी… हेल्मेट घातलं ना दोघांनी?… तिचे केस मावले नसतील त्यात… हो ना! मी म्हटलंच… मग तिने धरलं होतं का त्याला मागून?… नाही गं, पडायला नको म्हणून विचारते… हं… दोन्ही हातांनी. बरं… जेटीवर गेले?… फोटो काढले… एकमेकांचेच?… नाही, दोघांचा एकत्र कोण काढणार, बरोबर कोणी नाही ना… तू काढलास? अंगणात?… नको, पाठवू नको. माझ्या फोनवर नको. सापडेल… तू ठेव तुझ्याकडे… अगं, मी विहीणबाईंना आज दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाल्या, निधी आंघोळीला गेलीय. मी मनात म्हटलं, किती आंघोळी करते ही पोर… म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं… नाही, राग नाही. राग कोणावर धरू?"

राग नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं, त्याला तोंड तरी असतं. हे वेगळं होतं. एक मुलगा, एक सून, एक विहीण, अशा तिघांनी बसून, विचार करून, नाशिक ठरवलं होतं, गुडघे ठरवले होते, आंघोळ ठरवली होती. एवढी मेहनत त्यांनी एका म्हातारीला चुकवण्यासाठी केली होती. आणि ती म्हातारी आपण आहोत, हे वनमालाबाईंना आत खोल लागलं.

"काय म्हणालीस?… आणखी काय विचारलं त्यांनी?… आत्ता? फोनवर?… गाडी मोकळी आहे का म्हणून… कधीपर्यंत?… शुक्रवार?… अगं, सोमवारी रात्री निघून मंगळवारी सकाळी येणार होते ते… शुक्रवार कसा होईल? कंपनीत काय सांगेल तो, आणि मला… हं. 'विचारून सांगतो' म्हणाला. कोणाला विचारून?… नाही गं. तू कशाला काय बोलणार. तू म्हण, आहे मोकळी… आहे ना? मग म्हण… मंगळवार, बुधवार, गुरुवार… नाही, मोजत नाही. असंच… अगं थांब. थांब, दुसरा फोन येतोय मधेच… तोच आहे. नितेश… त्याला रेंज आली. प्रेमा, ठेवते मी. मी कधी केला फोन तर उचलशील?… नाही, काम काही नाही. असाच… बरं. बरं गो. येतंय."

प्रेमाचा आवाज गेला. वनमालाबाईंनी घसा साफ केला, एकदा भिंतीवरच्या धाकूकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"हॅलो?… हां, बोल रे. येतोय आवाज, तुटक तुटक… मी? इथेच. कामात होते. पहिला लागला नाही? कोणाशी तरी बोलत होते… झालं का तुझं आजचं?… कसं होतं?… हं… हं. खूप शिकवतात का?… हा कसला आवाज येतोय मागे, सूं सूं… पंखा?… हां, असेल. हॉलमध्ये मोठे असतात… जेवलास?… काय होतं?… वरण-भात. बरं… नाही, माझं सगळं ठीक आहे. एकदम ठीक… हो, गोळी घेतली… काय म्हणत होतास?… काही नाही कसं, काहीतरी म्हणत होतास… बोल ना… मंगळवारी सकाळी. हो, माहीत आहे मला… हो… येशीलच. तेच सांगायला फोन केलास?"

नितेशला खोटं नीट बोलता येत नसे. लहानपणी शाळेत न जाता आला तर दारातच त्याचे कान लाल होत. आता पाचशे किलोमीटरवरून कान दिसत नव्हते, पण शब्द अडखळत होते, मध्येच 'बरं मग ठेवू का' येत होतं, आणि वनमालाबाईंना कळलं की हा विचारणार नाही. आई एकटी आहे म्हणून हा ते शुक्रवारचं गिळून टाकणार, सोमवारी निघणार आणि मंगळवारी सकाळी या दारात उभा राहणार. त्यांना एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. गप्प बसलं की मुलगा घरी. सोपं होतं.

"नितेश… अरे ऐक ना. ठेवू नको… ते ट्रेनिंग वाढवतात का रे कधी?… नाही, मला आपलं वाटलं. एवढ्या लांब माणसं बोलावली, तीन दिवसांत काय शिकवणार… सगळ्या कंपन्यांत वाढवतात म्हणे… काय?… वाढवतायत? खरंच?… बघ! मी म्हटलं ना!… कधीपर्यंत?… शुक्रवार. मग राहा की… अरे, राहा म्हणते ना मी. असं अर्धवट सोडून यायचं नसतं… निधीला? तिला कशाला बोलावतोस माझ्यासाठी? तिच्या आईला बरं वाटू दे आधी. राहू दे तिला पण शुक्रवारपर्यंत… नाही, विहीणबाईंना नाही करत मी फोन. त्या कामात असतात… शर्ट? पाच दिलेत ना. पुरतील… धुवून घाल एखादा."

पलीकडे वाऱ्यात काहीतरी हललं. कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी आलं असावं.

"मी?… मी एकटी कुठे आहे?… अरे हो, सांगायचं राहिलंच. माझी मैत्रीण आलीय ना राहायला… गावाकडची. तू नाही ओळखत… लहानपणची… आज दुपारीच आली, काही न कळवता… नुसती बडबड चाललीय आमची. चाळीस वर्षांचं साठलेलं… आहे ना, शुक्रवारपर्यंत आहे. नाही, शनिवारपर्यंत… झोपेल की बाहेर माझ्याजवळ, तुमची खोली कशाला… काय?… तिला देऊ फोन? नको, ती लाजते… आत आहे, चहा करतेय… अरे हो, खरंच बरं वाटतंय. आवाजावरून कळत नाही का तुला?… मग… बरं. चल, ठेवते मी. ती दोन कप घेऊन उभी आहे माझ्यासमोर, निवेल ना… हो… हो रे… शीक नीट."

आणि त्याने ठेवायच्या आधी वनमालाबाईंनीच फोन बंद केला.